गहू, बोरं आणि जिवाची घालमेल

मूठभर गहू, ज्येष्ठमधाच्या थोड्या कांड्या आणि दहा बोरं. पाण्यात उकळायचं, गाळायचं आणि दिवसातून तीनदा कोमट प्यायचं.

शिरूरच्या माणसाला या यादीत औषध दिसणारच नाही. ज्येष्ठमध तेवढा दुकानातून आणावा लागेल. गहू घरात असतो आणि बोरी बांधावर असतात. घोड नदीच्या या कोरड्या पट्ट्यात, जिथे पाटाचं पाणी पोचलेलं नाही तिथेही बोर तग धरून उभी असते. पण हा काढा साधारण अठराशे वर्षांपूर्वी झांग झोंगजिंग नावाच्या चिनी वैद्याने लिहून ठेवला, आणि तोही ताप-खोकल्यासाठी नाही. कारण नसताना रडू कोसळतं, सारख्या जांभया येतात, अंगात कुणी संचारल्यासारखं वागणं होतं, अशा बाईसाठी तो आहे. त्याच्याच ग्रंथात आणखी एक काढा सापडतो. जीव दमलाय पण रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, अशांसाठी आंबट रानबोराच्या आठळीतला गर. चिनी वैद्य आजही झोपेसाठी हा गर देतात आणि उंदरांवरच्या प्रयोगांत त्यातल्या द्रव्यांनी झोप वाढलेली दिसली आहे. (आपली बोर आणि ही चिनी बोर, दोन्हींची प्रजाती झिझिफस, पण जाती वेगळ्या. तेव्हा बांधावरच्या आठळ्या फोडायला घेऊ नयेत.)

मला यातला काढा तितका नवलाचा वाटत नाही, जितकं त्या वैद्याचं डोकं. बाईचं वागणं भुताने झपाटल्यासारखं दिसतं, असं तो स्वतःच लिहितो आणि पुढच्याच वाक्यात धान्य-फळांचं माप सांगतो. मांत्रिकाचं नाव नाही. आपल्याकडे अशा बाईला ‘बाहेरचं’ झालंय म्हणून देवऋषीकडे नेणं, भूत उतरवायचं म्हणून मारणं, हे थांबवायला २०१३ साली कायदा करावा लागला.

या धिटाईमागे एक अख्खं तत्त्वज्ञान होतं. चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ ‘हुआंगदी नेइजिंग’. त्याला दोन हजार वर्षं होऊन गेली. त्यात मन वेगळं काढून ठेवलेलंच नाही. राग यकृताचा, आनंद हृदयाचा, शोक फुप्फुसांचा, भीती मूत्रपिंडांची आणि सतत एकच विचार घोळवत बसणं प्लीहेचं. शिवाय प्रत्येक भावनेला दिशा आहे. रागाने शरीरातला ‘ची’, म्हणजे चैतन्याचा प्रवाह, वर उसळतो. भीतीने तो खाली घसरतो. शोकाने विरून जातो आणि चिंतेने त्याची गाठ बसते. ही अवयवांची नावं शवविच्छेदनातल्या अवयवांशी ताडून पाहिली तर गाडी अडते. चिनी वैद्य ‘यकृत’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कामांचा एक गट असतो. पण दिशा मात्र कोणीही आपल्या अंगावर तपासून पाहाव्यात. रागाने तोंड लाल होतं, कानशिलं तापतात. भीतीने पाय गळतात आणि लहान मूल चड्डी ओली करतं. चिंतेने घास गिळवत नाही. कोणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी माणसांकडे फार बारकाईने पाहत बसलं होतं.

ची ज्या वाहिन्यांतून फिरतो त्या बारा. ग्रंथाच्या एका प्रकरणात या बारा वाहिन्यांची जोडी चीनमधल्या बारा नद्यांशी लावली आहे. हे दौंडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. खडकवासल्याचं आवर्तन सुटलेलं असतं, पण वर कुठेतरी चारी तुंबते आणि शेवटच्या शेतकऱ्याचा ऊस वाळतो, तर वरच्याच्या रानात पाणी साचून राहतं. चिनी वैद्याच्या लेखी ताण म्हणजे नेमकं हेच. पाणी कमी नसतं, ते अडलेलं असतं. सोंग राजवटीतल्या सरकारी औषधशाळेच्या संग्रहात ही वाट मोकळी करणारं एक चूर्ण आहे, ‘श्याओ याओ सान’. मराठीत सांगायचं तर मोकळेपणाने भटकण्याचं चूर्ण. औषधाला इतकं देखणं नाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता दौंडच्या किंवा शिक्रापूरच्या एखाद्या दवाखान्यात सकाळी बसून पाहा. मी उदास आहे, असं म्हणत कोणी येत नाही. अंग मोडून येतंय, डोकं जड झालंय, छातीत धडधडतंय, भूक मेलीय, झोप नाही. आणि मागणी ठरलेली: एक सुई मारा, नाहीतर सलाईन लावा. १९८० साली आर्थर क्लाइनमन हे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ चीनच्या हुनान प्रांतात गेले, तेव्हा तिथल्या रुग्णालयातही हाच नमुना होता. डोकेदुखी, चक्कर, थकवा. डॉक्टर त्याला ‘नसांचा अशक्तपणा’ म्हणत. क्लाइनमननी असे १०० रुग्ण तपासले आणि पाश्चात्त्य कसोट्या लावल्यावर त्यांतल्या ८७ जणांना गंभीर नैराश्य असल्याचं आढळलं. यावरून या लोकांना स्वतःचं दुःख कळत नाही, असा निष्कर्ष काढणं सोपं होतं. पण त्यांना ते कळत होतं. ते जिथे जाणवत होतं ती जागाच ते दाखवत होते.

म्हणून या सगळ्या पद्धतींची मेख मला एकच दिसते. मनाकडे थेट चालून न जाता शरीराच्या वाटेने जायचं. पोट, कातडी, श्वास, मनगट. ही वाट चीनमध्ये जशी सापडते तशी आपल्याकडेही सापडते, पण आधी एक अपवाद सांगितला पाहिजे, कारण तो फारच मजेशीर आहे.

चिनी वैद्य कधीकधी भावनेवर भावनेचाच उतारा देत. चिंता उतरवायची तर राग आणायचा. रागावर शोक, शोकावर आनंद, आनंदाच्या अतिरेकावर भीती, भीतीवर विचार. बाराव्या-तेराव्या शतकातल्या झांग झिहे या वैद्याची एक हकिगत प्रसिद्ध आहे. एका श्रीमंत घरातल्या बाईला विचार करकरून दोन वर्षं झोप नव्हती. त्याने नाडी पाहिली आणि नवऱ्याशी गुपचूप संगनमत केलं. भरपूर फी उकळली, काही दिवस घरात बसून दारू ढोसली आणि औषधाची एक पुडीही न देता निघून गेला. बाईचा संताप अनावर झाला. दरदरून घाम फुटला आणि त्या रात्री ती झोपली ती अशी, की आठ-नऊ दिवस धड उठली नाही. मग भूक लागली आणि नाडी सुधारली. त्याहून जुनी गोष्ट वेन झी याची. ची नावाच्या राज्याचा राजा आजारी होता आणि वेन झीचं निदान पडलं की याला राग आणल्याशिवाय हा बरा व्हायचा नाही. वेन झीने तीनदा वेळ देऊन हुलकावणी दिली, मग पायताणासकट राजाच्या पलंगावर चढला आणि त्याच्या कपड्यांवर पाय दिला. राजा भडकला, उठून बसला, खडखडीत बरा झाला. आणि बरा झाल्यावर त्याने वैद्याला मोठ्या कढईत जिवंत उकडलं. वैद्यकीय व्यवसायातल्या धोक्यांची इतकी जुनी नोंद दुसरी नसावी.

थक्क व्हायची जागा पुढे आहे. आपल्या चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उन्मादाचा नववा अध्याय आहे. काम, शोक, भय, क्रोध, हर्ष, मत्सर, लोभ यांतून उपजलेला उन्माद त्यांच्याच परस्परविरोधी भावनांनी शमवावा, असा तिथे उपदेश आहे. एवढ्यावर चरक थांबत नाही. दात काढलेला साप अंगावर सोडा, शिकवलेले सिंह-हत्ती दाखवून घाबरवा, राजाच्या शिपायांकरवी दरडावा, असेही उपाय येतात. हिमालयाच्या दोन बाजूंना, एकाच आडदांड युक्तीवर दोन वैद्यकं पोचली. कोणी कोणाकडून घेतलं की दोघांना आपापलं सुचलं, यावर तासन्‌तास गप्पा रंगू शकतात. मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं. एका भावनेने दुसरी उडून जाते, हे पाहायला ग्रंथ लागत नाही, चार नातेवाइकांचं घर पुरतं.

आज कोणी डॉक्टर असं करणार नाही, करूही नये. शरीराची वाट जास्त सभ्य आहे.

ती वाट पाहायची तर दौंडहून पुण्याकडे जाणारी गाडी धरावी. केडगाव, यवत ही दौंड तालुक्यातली स्थानकं मागे पडली की हवेली तालुक्यातलं उरुळी कांचन येतं. १९४५च्या नोव्हेंबरमध्ये गांधीजींनी डॉ. दिनशा मेहता यांच्या पुण्यातल्या निसर्गोपचार केंद्राच्या आधारे एक न्यास केला. थोड्याच महिन्यांत त्यांना वाटू लागलं की गरिबांचा दवाखाना शहरात उघडण्यात काही अर्थ नाही. १९४६च्या मार्चमध्ये ते उरुळीला आले, आठवडाभर राहिले, रोज रोगी तपासले आणि मग कॅबिनेट मिशनच्या वाटाघाटींसाठी दिल्लीला गेले. इथला निसर्गोपचार आश्रम पुढे सांभाळला तो मणिभाई देसाईंनी. गुजरातेतून आलेला हा तरुण १९९३ साली मृत्यू येईपर्यंत उरुळीचाच राहिला. विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबा भावे यांनीही इथे वर्षानुवर्षं सेवा केली.

पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान, वाफ, मालीश, साधं जेवण, कधी उपास. हे सगळं खास भारतीय, ऋषिमुनींच्या काळातलं आहे, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कटिस्नान लाइपझिगच्या लुई कूनेचं आणि मातीची पट्टी जर्मनीतल्याच अडॉल्फ युस्टची. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी या दोघांची पुस्तकं वाचली, स्वतःवर आणि घरच्यांवर प्रयोग केले आणि ऋण मोकळेपणाने मान्य केलं. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी ‘आरोग्याची किल्ली’ हे छोटं पुस्तक लिहिलं. त्याचा उपचारांचा भाग माती, पाणी, आकाश, तेज, वायू अशा पाच महाभूतांवर रचलेला आहे. जर्मन चिखल असा भारतीय पंचमहाभूतांत मिसळला. चिनी वैद्यकाचीही पाचच तत्त्वं आहेत, पण ती वेगळी: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. आकाशाला तिथे जागा नाही. गांधीजींच्या यादीत आकाशाचा अर्थ बराचसा मोकळी जागा असा होतो, घरातही आणि पोटातही.

मालिशीबद्दल शास्त्र अलीकडे बोलू लागलं आहे. आपल्या कातडीत, विशेषतः केसाळ भागात, काही बारीक चेतातंतू असे आहेत की ते सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर अशा संथ, हलक्या स्पर्शालाच सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. काय टोचलं, कुठे टोचलं, ही बातमी देणं त्यांचं काम नाही. त्यांचा संदेश मेंदूच्या अशा भागात जातो जिथे शरीराला आतून कसं वाटतंय याचा हिशेब राहतो. आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग मोजला, तर तो याच टप्प्यात येतो.

गांधीजींच्या उपचारांतला सगळ्यात थट्टेचा विषय होता रामनाम. डॉक्टर हसत आणि भाविकांनाही ते औषध म्हणून पचत नसे. २००१ साली इटलीतल्या लुचानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना एकदा लॅटिन जपमाळ म्हणायला लावली आणि एकदा ‘ओम मणि पद्मे हुम्’. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी तो बारा-पंधरा असतो. या सहाच्या ठेक्यावर हृदयाची गती आणि रक्तदाब यांच्या लाटा एकमेकींशी जुळतात आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त तल्लख होते. प्रयोगात रामनाम नव्हतं, हे खरं. पण लांब, ठेक्यात, पुन्हापुन्हा म्हटलेल्या शब्दांनी श्वासाला लगाम बसत असेल, तर देव कुठला याची शरीराला फिकीर नसावी. तुकोबांची पालखी दरवर्षी उरुळी कांचनवरून यवतला मुक्कामी येते, मग वरवंडला. यवतच्या पिठलं-भाकरीची चर्चा सगळे करतात. मैलोगणिक एका लयीत चालत, श्वास सोडत-घेत अभंग म्हणणाऱ्या हजारो छात्यांचं काय होत असेल, यावर कोणी यंत्र लावून पाहावं असं मला फार वाटतं.

राहिली ॲक्युपंक्चरची सुई. तिचा आपल्याशी धागा जोडला जातो तो सोलापूरचा. १० ऑक्टोबर १९१० रोजी तिथे जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. युद्धात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया केल्या, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. उरुळीला आश्रम सुरू झाला त्याच १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावरचा चित्रपट पडद्यावर आणला. कोटणीस सुयांचे वैद्य नव्हते, ते शल्यविशारद होते. पण पथकातले त्यांचे सहकारी डॉ. बिजोय कुमार बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. कोटणिसांच्या नावाच्या समितीने ते पसरवलं. लुधियानात कोटणिसांच्या नावाचं ॲक्युपंक्चर रुग्णालय आहे. महाराष्ट्राने या पद्धतीसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा केला आणि २०१९ मध्ये केंद्रानेही तिला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

ताणासाठी आज जगभर वापरतात त्या कानातल्या सुयांची कथा तर आणखी वळणं घेते. कानाच्या पाळीत उलट्या गर्भाची आकृती पाहून तिच्यावर सगळं शरीर मांडलं ते फ्रान्समधल्या लियाँच्या पॉल नोजिए या डॉक्टरने, १९५७च्या सुमारास. हा नकाशा चीनमध्ये गेला आणि चिनी झाला. १९७२ साली हाँगकाँगमध्ये वेन नावाचे मेंदूशल्यविशारद शस्त्रक्रियेआधी सुयांनी वेदना कमी होतात का, ते पाहत होते. तेव्हा एक अफूबाज रुग्ण म्हणाला, माझी तलफच गेली. तिथून ही युक्ती न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधल्या लिंकन रुग्णालयात पोचली आणि दोन्ही कानांत पाच-पाच सुया घालून शांत बसायचं, असा व्यसनमुक्तीचा साधा सामूहिक उपचार झाला.

सुई खरंच काम करते का? जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २००७ साली आला. खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना गुण आला. भलत्याच ठिकाणी, वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना. नेहमीचे औषधोपचार घेणाऱ्यांपैकी फक्त २७ टक्क्यांना. बारा नद्यांचा नकाशा ज्यांना प्राणप्रिय आहे त्यांना यातलं ४४ बोचेल आणि ज्यांना हे सगळं थोतांड वाटतं त्यांना २७. नैराश्याबाबत उत्तर इंग्लंडमध्ये ७५५ जणांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांना ॲक्युपंक्चर जोडलं किंवा समुपदेशन जोडलं, दोन्ही गटांना नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा बरं वाटलं, आणि दोन्हींत फारसा फरक निघाला नाही. म्हणजे कोणी आपलं म्हणणं तासभर ऐकलं तरी, किंवा कोणी आपल्याला तासभर निवांत झोपवून, हात लावून, लक्ष दिलं तरी. दवाखान्यात दोन मिनिटांत चिठ्ठी घेऊन बाहेर पडणाऱ्याला यातलं एकही मिळत नाही. तो सलाईन मागतो ते मला आता वेडेपणाचं वाटत नाही. बाटली संपेपर्यंत पाऊण तास त्याला कॉटवर पडून राहता येतं.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज मात्र काढून टाकायला हवा. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत ॲरिस्टोलोकिया ही चिनी वनस्पती चुकून मिसळली गेली आणि कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. सुरुवातीच्या काढ्यातला गोड ज्येष्ठमध रोज मोठ्या प्रमाणात घेतला तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्याने तो घरच्या घरी सुरू करू नये. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगण्यात राम नाही असं वाटत असेल, तर माती आणि सुईची वाट बघत बसू नये. डॉक्टर गाठावा. १४४१६ हा सरकारी ‘टेलीमानस’चा क्रमांक मराठीतही बोलतो आणि फुकट आहे.

आणखी एक. घालमेलीचं कारण बाहेर असलं तर शरीराची वाट अपुरी पडते. शिरूरच्या बेट भागात, जांबुत, पिंपरखेड, कवठे येमाईच्या उसात बिबटे आहेत आणि माणसांवर हल्ले झाले आहेत. रात्री वीज येते म्हणून रात्री पाणी धरायला जाणाऱ्याच्या पोटात जो गोळा येतो, तो मूत्रपिंडाच्या वाहिनीत सुई टोचून जायचा नाही. चिनी क्रमात भीतीवर उतारा आहे विचाराचा. बेट भागातल्या शेतकऱ्यांनी तो केलेला आहे. पिकाला पाणी द्यायला आम्हाला दिवसा वीज द्या, अशी मागणी ते करत आले आहेत.